ट्रॅक्टरचा सेल्फ : दोष शोधण्याची रीत व भाग बदलण्याची पद्धती

मुंबई-गोवा महामार्गावर पेण शहरालगत वसलेली रामवाडी पुष्कळांना परिचित आहे ती राज्य परिवहन महामंडळाच्या विभागीय कार्यालयामुळे. परंतु महामार्ग सोडून थोडे आत वळले की, पेणपासून रोह्यापर्यंत भातखाचरांचाच मुलूख लागतो. खाडीच्या बाजूस खारेपाट, तर डोंगराच्या बाजूस लहानलहान बांधबंदिस्त खाचरे, अशी येथील जमिनीची ठेवण आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस जवळजवळ सर्वच चार महिन्यांत कोसळतो. साहजिकच चिखलणी व लावणी ही कामे मोजक्या दिवसांत उरकावी लागतात.

पूर्वी ही कामे बैलजोडी व नांगर यांच्या बळावर होत असत. आज गोठ्यातील बैल कमी झाले असून त्यांची जागा पॉवर टिलर व १५ ते २० अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर यांनी घेतली आहे. सन २०१४-१५ पासून केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली अशा यंत्रांना अनुदान मिळू लागल्याने त्यांचा प्रसार अधिक झाला. एक ट्रॅक्टर केवळ मालकाच्याच शेतावर राबतो असे नव्हे. भाड्याने वा सावडीने तो आसपासच्या अनेक शेतकऱ्यांची खाचरे चिखलून देतो. म्हणूनच ऐन आषाढात तो बंद पडला तर अनेकांची लावणी खोळंबते.

भाताची रोपे कोणासाठी थांबत नाहीत. हळव्या जातींचे आवण साधारणतः २१ ते २५ दिवसांचे असताना लावणे हितकारक असते. ते दाढीतच जून होत गेले तर लावणीनंतर फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहणे म्हणजे पिकाचे आठ दिवस गमावणे होय. आणि अनुभवास असे येते की, इंजिन पूर्णपणे सुस्थितीत असतानाही केवळ ‘सेल्फ घेत नाही’ या एकाच कारणाने यंत्र उभे राहते. हा दोष बहुधा लहान असतो. तो ओळखता न आल्यामुळे मात्र नवी बॅटरी, नवा सेल्फ असा खर्चाचा डोंगर उभा राहतो आणि मूळ बिघाड जागच्या जागीच राहतो.

सेल्फचे कार्य

जुन्या पिढीतील शेतकऱ्यांना पाण्याच्या डिझेल इंजिनाला हँडल मारून ते सुरू करण्याचा सराव होता. पुष्कळशा पॉवर टिलरवर आजही हँडलच आहे. हे काम कष्टाचे तर आहेच, शिवाय हँडल उलटून हात मोडण्याचे भयही त्यात असते. मोटारगाड्यांच्या बाबतीत हा धोका दूर करणारा विजेचा स्टार्टर अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केला व १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो प्रथम सर्रास बसविला गेला. आजच्या ट्रॅक्टरवरील सेल्फ त्याच तत्त्वावर चालतो.

सेल्फ म्हणजे थोड्या वेळापुरती प्रचंड ताकद देणारी विजेची मोटर होय. चावी फिरविताच एका बारीक तारेतून सोलेनॉईडला प्रवाह मिळतो. सोलेनॉईड दोन कामे एकाच वेळी करतो : तो बेंडिक्सचे लहान दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलवरील रिंग गिअरमध्ये अडकवितो, आणि आतील तांब्याचे जाड संपर्क जोडून बॅटरीचा पूर्ण प्रवाह मोटरला देतो. कार्बनच्या ब्रशांतून हा प्रवाह कम्युटेटरवर व तेथून आर्मेचरमध्ये जातो. आर्मेचर फिरते व इंजिन फिरू लागते. इंजिन सुरू झाल्यावर त्याच्या वेगाने आर्मेचर ओढले जाऊन त्याची मोडतोड होऊ नये म्हणून बेंडिक्समध्ये एकाच दिशेने धरणारा क्लच असतो.

छोट्या ट्रॅक्टरचा सेल्फ इंजिन फिरविताना साधारणतः १५० ते २५० अँपिअर प्रवाह घेतो. घरातील पंखा पाव ते अर्धा अँपिअरवर चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. एवढ्या मोठ्या प्रवाहाच्या वाटेत गंजलेला सांधा वा सैल नट आला की, सेल्फची शक्ती तेथेच खर्ची पडते.

कामास हात घालण्यापूर्वी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा व मागील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड वा लाकडी उटी लावावी. हातातील अंगठी, कडे व मनगटी घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला तर तो क्षणात लाल होतो. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने भडकतो. म्हणून जवळपास विडी, काडी वा दिवा असता कामा नये.

सेल्फ घेत नाही असे दिसताच स्क्रू-ड्रायव्हर वा पाना सोलेनॉईडच्या दोन नटांवर टेकवून ट्रॅक्टर सुरू करण्याची एक घातक सवय सर्वत्र आढळते. ही सवय प्राणावर बेतते. असे केल्याने चावी, क्लचचा स्विच व न्यूट्रलचा स्विच हे सर्व पहारेकरी वगळले जातात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन पेट घेताच तो पुढे झेपावतो, आणि स्क्रू-ड्रायव्हर धरणारा माणूस बहुधा मागील चाकाच्या पुढ्यातच उभा असतो. अशा अपघातांत देशोदेशी माणसे चिरडून मेली आहेत. ट्रॅक्टर नेहमी चालकाच्या आसनावर बसूनच सुरू करावा. यास अपवाद करू नये.

लक्षणांवरून निदान

चावी फिरविल्यावर सेल्फ कसा वागतो, याकडे डोळे व कान देऊन लक्ष पुरविल्यास अर्धे निदान तेथेच होते.

१. काहीच आवाज होत नाही व समोरील दिवेही लागत नाहीत : बॅटरी उतरलेली आहे, बॅटरीचे टर्मिनल सुटले आहे किंवा मुख्य फ्यूज जळाला आहे.

२. दिवे स्वच्छ लागतात, परंतु सेल्फ गप्प : क्लच वा न्यूट्रलचा सुरक्षा स्विच, चावीचा स्विच, सोलेनॉईडकडे जाणारी बारीक तार अथवा त्या वाटेवरील रिले यांत दोष असावा. क्लच पूर्ण दाबून व गिअर पुन्हा न्यूट्रलमध्ये घालून एकदा पाहावे. पावसाळ्यात उंदरांनी तारा कुरतडल्याचेही आढळते.

३. एकसारखा ‘टकटक’ आवाज येतो : बॅटरी अशक्त झाली आहे किंवा तिचे सांधे खराब आहेत. सोलेनॉईड ओढला जातो, पण मोटरवर भार येताच दाब कोसळतो व तो सुटतो. हेच पुनःपुन्हा घडते.

४. एकदाच ‘टक्’ असा ठळक आवाज येऊन सर्व शांत होते : सोलेनॉईडचे संपर्क जळाले असावेत, कार्बन झिजले असावेत किंवा आर्मेचर अडकले असावे.

५. सेल्फ मंद व जड फिरतो : बॅटरी, जाड वायर, अर्थिंगची पट्टी, झिजलेले बुश अथवा गरजेपेक्षा घट्ट तेल यांपैकी कारण असते.

६. सेल्फ वेगाने फिरतो पण इंजिन फिरत नाही : बेंडिक्सचा क्लच घसरत आहे. खरखर व दाते आपटल्याचा आवाज येत असल्यास बेंडिक्सचे वा रिंग गिअरचे दाते झिजले आहेत.

७. चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहतो : सोलेनॉईडचे संपर्क चिकटले आहेत किंवा चावीचा स्विच अडकला आहे. अशा वेळी बॅटरीची ऋण वायर तत्काळ सोडवावी.

८. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरते, पण पेट घेत नाही : हा सेल्फचा दोष नव्हेच. डिझेलमध्ये हवा शिरणे, फिल्टर तुंबणे वा इंजिन बंद करण्याचा खटका ओढलेला राहणे, ही कारणे शोधावीत. येथे सेल्फ मारीत बसल्यास चांगला सेल्फ मात्र जळतो.

बॅटरीपासून आरंभ

कोणत्याही लक्षणात तपासणीचा आरंभ बॅटरीपासूनच करावा. साधा मल्टिमीटर प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने जवळ बाळगावा; त्याची किंमत एका वायफळ खरेदीतच वसूल होते. रात्रभर विसावलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसल्यास ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी, आणि १२.० च्या खाली म्हणजे उतरलेली समजावी. पाणी घालण्याची बॅटरी असल्यास हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा पाहावा. विशिष्ट गुरुत्व १.२५० च्या आसपास वा अधिक असणे चांगले. एकाच कप्प्याचा आकडा इतरांहून ०.०५० किंवा अधिक खाली असेल, तर तो कप्पा निकामी होत आला आहे.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी हे खारेपाटातील नित्याचे दुखणे आहे. प्रथम ऋण व मग धन वायर सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल धुवावे. सोड्याचा थेंबही बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर काचकागदाने धातू चकचकीत करून वायरी घट्ट आवळाव्यात व वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. व्हॅसलिन आवळण्यापूर्वी न लावता आवळल्यानंतर लावावे. ‘सेल्फ गेला’ म्हणून आलेली कितीतरी यंत्रे एवढ्या उपचारानेच सुरू होतात.

व्होल्ट कोठे हरवतात?

बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड फिरत असेल तर पुढील चाचणी करावी. प्रथम इंजिन बंद करण्याचा खटका ओढून ठेवावा, म्हणजे ते पेट घेणार नाही. एकाने आसनावर बसून सेल्फ मारावा व दुसऱ्याने चाकापासून दूर, बाजूस राहून मीटर वाचावा.

समजा, विसाव्यात बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर १०.८ व्होल्ट राहतात. हे उत्तम आहे, कारण या वेळी ९.६ च्या खाली जाणे हेच बॅटरीच्या दुर्बलतेचे लक्षण समजतात. परंतु त्याच क्षणी सेल्फचा जाड नट व सेल्फचे अंग यांमध्ये मात्र ८.९ व्होल्टच मिळतात. म्हणजे १.९ व्होल्ट वाटेत हरवले. आता मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर व दुसरे सेल्फच्या मोटरकडील जाड नटावर ठेवून सेल्फ मारला असता ०.३ व्होल्ट दिसतात. ही बाजू ठीक आहे. येथे अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते. मग बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून सेल्फच्या अंगापर्यंत मोजल्यास १.६ व्होल्ट दिसतात. येथे पाव व्होल्टहून अधिक घट असता कामा नये. चोर सापडला : अर्थिंगची पट्टी ज्या बोल्टखाली बसते तेथे गंज अथवा रंग आहे.

२०० अँपिअर प्रवाह वाहत असताना १.६ व्होल्ट हरविणे म्हणजे ३२० वॉट शक्ती त्या एका सांध्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाणे होय. सेल्फ मारल्यावर जो सांधा हातास गरम लागतो तोच दोषी, ही जुन्या मेस्त्रींची खूण याच नियमावर आधारलेली आहे. अशा ठिकाणी नवा सेल्फ बसविला तरी तोही जडच फिरेल. बोल्ट खरवडून साफ केल्यास मात्र जुनाच सेल्फ तरतरीत होईल.

सोलेनॉईडची परीक्षा

सोलेनॉईडवर दोन जाड नट असतात. एकावर बॅटरीची वायर येते व दुसऱ्यावरून मोटरकडे जोड जातो. तिसरी बारीक तार चावीकडून येते. चावी फिरविल्यावर या बारीक तारेवर १२ व्होल्टच्या जवळपास दाब येत नसेल, तर दोष चावी वा सुरक्षा स्विच यांच्याकडे आहे. सेल्फ उघडू नये. दाब येतो, ‘टक्’ आवाजही होतो, पण दोन जाड नटांमध्ये सेल्फ मारताना ०.२ ते ०.३ व्होल्टहून पुष्कळ अधिक घट दिसते, तर आतील संपर्क जळालेले आहेत व सोलेनॉईड बदलावा. तो बहुतेक सेल्फवर स्वतंत्रपणे मिळतो. त्यासाठी संपूर्ण सेल्फ विकत घेण्याचे कारण नाही.

सेल्फ उतरविणे व भाग बदलणे

बॅटरीची ऋण वायर प्रथम सोडवावी व ती पुन्हा टेकणार नाही अशी बाजूस बांधावी. तारांना खुणेची चिकटपट्टी लावावी किंवा मोबाईलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. जाड व बारीक तारा सोडवून, सेल्फला आधार देत त्याचे बोल्ट काढावेत. सेल्फ आकाराने लहान दिसला तरी वजनदार असतो. तो एका तारेवर लोंबू देऊ नये. तो निघाल्यावर त्या छिद्रातून रिंग गिअरचे दाते, इंजिन हाताने थोडेथोडे फिरवून, सभोवार पाहून घ्यावेत. इंजिन थांबताना बहुधा ठरावीक जागीच थांबते, त्यामुळे दातांची झीज तेथेच अधिक होते.

सेल्फ उघडण्यापूर्वी अंगावर आडवी खूण कोरावी, म्हणजे भाग जोडताना पूर्वस्थितीत बसतील. कार्बन मूळ लांबीच्या निम्म्याहून कमी उरले असल्यास, तेलाने माखले असल्यास किंवा धारकात अडकत असल्यास सर्व कार्बन एकदम बदलावेत. त्यांच्या स्प्रिंगांत जोर आहे की नाही तेही पाहावे. कम्युटेटर काळवंडला असल्यास बारीक काचकागदाने साफ करावा. एमरी कागद वापरू नये, कारण त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून नुकसान करतात. खोल चरे पडले असल्यास आर्मेचर जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे. बुश सैल झाले असल्यास आर्मेचर आतील अंगास घासते व तेथे चमकदार पट्टा दिसतो. अशा वेळी बुश बदलणे अपरिहार्य ठरते.

बेंडिक्स हाताने एका दिशेस मोकळे फिरावे व उलट दिशेस आर्मेचरला घट्ट धरावे. दोन्ही बाजूंस फिरत असल्यास ते निकामी होय. ते डिझेल वा पेट्रोलमध्ये बुडवून धुऊ नये. क्लचमधील कायमचे वंगण त्याने निघून जाते. कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे.

नवा भाग घेताना जुना भाग व सेल्फवरील पत्र्याचा क्रमांक दुकानात न्यावा. व्होल्ट, शक्ती, बेंडिक्सच्या दातांची संख्या व फिरण्याची दिशा या चारही बाबी जुळल्या पाहिजेत. दाते एकाने जरी कमीअधिक असले तरी रिंग गिअरचा नाश होतो, आणि तो बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध उलगडावा लागतो.

बसविताना सेल्फचे तोंड व इंजिनावरील त्याची बैठक दोन्ही खरवडून स्वच्छ करावी, कारण ऋण प्रवाहाची वाट तेथूनच जाते. सोलेनॉईडचे तांब्याचे नट घट्ट पण बेताने आवळावेत. सर्व तारा जोडल्यावर बॅटरीची धन वायर व शेवटी ऋण वायर लावावी. सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून अधिक मारू नये व दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धे मिनिट विसावा द्यावा.

हिरवळ कापणारे बसते यंत्र

अलिबाग-पेण बाजूच्या बागबंगल्यांत व विश्रामस्थानांत हिरवळ कापण्याचे छोटे पेट्रोल ट्रॅक्टर दिसतात. त्यांची देखभाल करणाऱ्या माळीबंधूंनाही वरील रीत लागू पडते. मात्र तेथे ब्रेकचा, पात्याचा व आसनाखालचा असे अधिक सुरक्षा स्विच असतात. ते जोडून टाकून निकामी करू नयेत. कित्येक इंजिनांत बेंडिक्सचे चाक प्लॅस्टिकचे असते व ते झिजते. शिवाय एक सिलिंडरच्या इंजिनात वाल्व्हमधील फट बिघडली, तर दाब सोडण्याची योजना चालत नाही व निर्दोष सेल्फही अर्ध्या फेऱ्यात अडतो. सेल्फ बदलण्यापूर्वी ही फट तपासून घ्यावी.

पावसाळ्याची निगा

चिखलणीनंतर ट्रॅक्टर जरूर धुवावा, पण सेल्फ, सोलेनॉईड व बॅटरी यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. खाडीकाठच्या खाऱ्या चिखलाचा थर मात्र सेल्फवर राहू न देता ओल्या फडक्याने पुसावा. यंत्र छपराखाली, कोरड्या जमिनीवर उभे करावे. लावणी आटोपल्यावर ते महिनोन् महिने उभे राहते. त्या काळात ऋण वायर सोडून ठेवावी व महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेली बॅटरी कायमची बिघडते.

अडचणीच्या वेळी दुसऱ्या बॅटरीची मदत घ्यावयाची तर ती १२ व्होल्टचीच असावी. धनास धन जोडून, चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाची वायर बंद ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून दूर, त्याच्या उघड्या लोखंडी भागास शेवटी जोडावी. मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची जोडणी कदापि देऊ नये.

या सर्व तपासणीस योग्य काळ म्हणजे वैशाख. रोहिणी निघण्यापूर्वी एक सकाळ या कामास दिली, टर्मिनल घासले, अर्थिंगचा बोल्ट साफ केला, कार्बन पाहिले व झिजलेला भाग बदलून घेतला, तर आषाढातील धावपळीत मेस्त्रीची वाट पाहत बसण्याची वेळ सहसा येणार नाही. रामवाडीपासून रोह्यापर्यंत ज्या ज्या गावी एक ट्रॅक्टर दहा घरांची खाचरे चिखलतो, तेथील तरुणांनी मल्टिमीटर वापरण्यास शिकून घ्यावे. त्यामुळे दाढीतील आवण वेळेवर खाचरात जाईल आणि दुरुस्तीत वाया जाणारा पैसा शेतकऱ्याच्या गाठीशी राहील.